शेजारच्या सीटचा ब्रेक

मला रागीट म्हणतात ते काही खोटं नाही. गाडी शिकवणाऱ्या बाईनं गोड गोड बोलत बसायचं ठरवलं तर गावातली एक भिंत उभी राहायची नाही. माझ्या क्लासला येणाऱ्या बायका पहिल्या आठवड्यात रडतात, दुसऱ्या आठवड्यात माझ्यामागे मला ‘तोफ’ म्हणायला लागतात आणि लायसन्स हातात पडलं की गळ्यात पडतात. मला सगळं ठाऊक असतं. मी काही बोलत नाही.

तर त्या दिवशी ही तोफ विमा कंपनीच्या सर्व्हेअरवर धडाडली. बिचारा गॅरेजमध्ये माझ्या गाडीखाली डोकं घालून बसला होता. गाडीचं नाक पार आत गेलं होतं, रेडिएटर फुटला होता, एक दिवा लोंबत होता. मी क्लेम केला होता आणि अर्जात जे माझ्या भावानं मला सांगितलं तेच दिलं होतं. सकाळी तो गाडीत हवा भरायला निघाला, एकटाच होता, कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवायला गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. त्याच्याकडे लायसन्स आहे, गाडी माझी आहे, विमा चालू आहे. यात विचारण्यासारखं काय आहे, असं माझं म्हणणं.

भावाला घरात बारक्या म्हणतात. लहानपणी काडीसारखा होता म्हणून ते नाव पडलं, आता पोट सुटलंय, तरी नाव काही सुटलं नाही. मी त्याच्यापेक्षा बरीच मोठी. त्याला सायकल मी शिकवली, त्याची शाळेतली भांडणं मी निस्तरली, त्याच्या लग्नात हॉलवाल्याशी हुज्जत मी घातली. हा बारक्या माझ्याशी खोटं बोलेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

सर्व्हेअर तरुण होता, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. टॉर्च घेऊन तो शेजारच्या सीटच्या पायाशी वाकला. शिकवायच्या गाडीत तिथेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. चालवणारी घाबरली की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. माझा सगळा संसार त्या ब्रेकवर आहे म्हटलं तरी चालेल, कारण दिवसभर माझा पाय त्याच्यावरच अधांतरी असतो.

“मॅडम, या ब्रेकची दांडी वाकली आहे,” तो म्हणाला.

“मग?”

“कोणीतरी अंगातला सगळा जोर लावून हा दाबलाय. आणि तुम्ही म्हणता गाडीत एकच माणूस होता. चालवणाऱ्याचा पाय इथे पोचत नाही.”

त्यानं अगदी साधेपणानं विचारलं होतं. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. मी म्हटलं, “माझ्या क्लासला बायका कशा येतात ते बघितलंय का तुम्ही? मी दिवसातून कितीदा तरी तो ब्रेक असाच दाबते. ती दांडी जुनीच वाकलेली आहे.”

मिस्त्री शेजारीच पाना पुसत उभा होता. ती दांडी त्यानंच गेल्या महिन्यात नवी बसवली होती, माझ्या डोळ्यांदेखत. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पाना पुसायला लागला.

“नक्की जुनी?” सर्व्हेअरनं विचारलं.

“माझ्या सख्ख्या भावानं सांगितलंय तो एकटा होता म्हणून. तुम्हाला त्याच्यापेक्षा ती लोखंडाची दांडी जास्त खरी वाटते का? क्लेम द्यायचा नसेल तर तोंडावर सांगा, उगाच माणसांवर शिंतोडे उडवू नका.”

त्यानं लिहून घेतलं, फोटो काढले, नमस्कार करून गेला. मी घरी येताना रस्ताभर पुटपुटत होते. पण पुटपुटताना मला कळत होतं की माझा आवाज जरा जास्तच चढला होता, आणि तो का चढला, याचा विचार करायचं मी टाळत होते.

इथे क्लासचं सांगायला हवं. क्लास बाबांनी काढला. बाबांनी आम्हा दोघांनाही शेजारच्या सीटवर बसवून पाहिलं. बारक्या शिकवताना खिडकीबाहेर बघायचा, नाहीतर फोन हातात. बाबा म्हणाले, “याच्या हाती माणसं द्यायची नाहीत.” शिकवायचा परवाना माझ्या नावावर काढला. बारक्याला सीटकव्हरचं दुकान टाकून दिलं. तो तेव्हा रुसला होता, मग निवळला, असं मी धरून चालले. परवाना आहे म्हणून क्लास आहे, आणि क्लास आहे म्हणून मी आणि आई आहोत. गाडी एकच. ती भंगारात गेली तर कर्ज काढून दुसरी घेता येईल, पण परवाना एकदा गेला की या वयात मला पुन्हा कोण देणार. म्हणून मी तो जिवापाड जपते. माझ्या हाताखाली आजवर कोणाला ओरखडा आलेला नाही.

सकाळी आधी मी चालत वर्गाच्या खोलीवर जाते. तिथे खुणा, नियम, उताराला थांबलेली गाडी कशी काढायची, असलं तोंडी शिकवते. गाडी तोवर घराखाली असते, चावी आईकडे. वर्ग संपला की मी येऊन गाडी काढते. बारक्या अधूनमधून सकाळी येऊन गाडी धुवायचा, हवा बघायचा, न सांगता पेट्रोल टाकून ठेवायचा. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे की भाऊ असावा तर असा.

सर्व्हेअर येऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. गोरीमोरी, हाताला मनगटापासून प्लास्टर. मी तिला आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

“मॅडम, गाडी कधी दुरुस्त होणार?” ती म्हणाली. “माझे बरेच तास राहिलेत. म्हणजे हात बरा झाल्यावर. पण सर फोन उचलत नाहीत.”

“कोण सर?”

“तुमच्या सकाळच्या बॅचचे सर.”

मी हातातला खडू खाली ठेवला. समोर बसलेल्या बायकांना म्हटलं, आजचा वर्ग संपला, जा घरी. त्या गेल्या तेव्हा मी या बाईला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. ती घरी केक करून विकते. गाडी आली तर केक लांबवर पोचवता येतील म्हणून शिकायला निघाली होती. कोणीतरी तिला बारक्याचा नंबर दिला. त्यानं सांगितलं की हा क्लास ताईचाच आहे, पण सकाळची बॅच मी घेतो, ताईला एकटीला झेपत नाही. गाडीवर बोर्ड माझाच, मग ती शंका कशाला घेईल. तिच्यासारख्या अजून चार-पाच जणी होत्या म्हणे.

“त्या दिवशी काय झालं?” मी विचारलं.

“वळणावर मी घाबरले. ब्रेकऐवजी पाय दुसरीकडेच पडला. सर फोनवर बोलत होते. मी ओरडले तेव्हा त्यांनी पाय मारला, पण तोवर भिंत आली होती.” ती प्लास्टरवरून बोट फिरवत होती. “सर म्हणाले, तुम्ही पटकन घरी जा, कोणाला काही सांगू नका, नाहीतर मॅडमचा क्लेम अडकेल. मी चालत गेले. हात मोडलाय ते मला घरी गेल्यावर कळलं.”

“कुत्रं आडवं आलं होतं का?”

“कुत्रं?” ती म्हणाली. “नाही हो.”

मी आयुष्यभर बायकांवर ओरडत आले, ते त्यांचे हातपाय धड राहावेत म्हणून. आणि माझ्याच गाडीत, माझ्याच सीटवर बसून, माझ्याच भावानं एका बाईचा हात मोडून तिला चालत घरी पाठवलं होतं. पेट्रोल का भरून ठेवायचा तेही आता कळलं. मी जिचं गावभर कौतुक करत होते ती माया नव्हती, काटा खाली जाऊ नये म्हणून केलेली सोय होती.

मी तडक त्याच्या दुकानात गेले. तो गिऱ्हाईकाला रेक्झिनचे तुकडे दाखवत होता. माझं तोंड बघून त्यानं गिऱ्हाईकाला उद्या या म्हणून वाटेला लावलं.

“केकवाली आली होती,” मी म्हटलं.

त्यानं नाकारलं नाही, एवढं मात्र खरं. रेक्झिनची गुंडाळी करत राहिला. मग म्हणाला, “ताई, आता दोन दिवस गप्प बस. क्लेम पास होऊ दे. तूच सांगितलंस ना त्या माणसाला, दांडी जुनी आहे म्हणून? मला मिस्त्री बोलला. तू तर मला वाचवलंस.”

“मी तुझ्यावर विश्वास ठेवून बोलले, बारक्या.”

“मग ठेव की अजून दोन दिवस.”

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. शेजारचा टायरवाला बाहेर येऊन उभा राहिला, इतका माझा आवाज चढला. बारक्या शांत होता. त्याचं हे शांत राहणं मी लहानपणापासून बघत आले आहे, आणि दर वेळी मला वाटायचं की पोरगं बिचारं समंजस आहे.

“बाबांनी सगळं तुला दिलं,” तो म्हणाला. “मला काय, तर हे कापड. दुकान चालत नाही, ताई. तुझ्याकडे बायका रांग लावतात, त्यातल्या चार माझ्याकडे आल्या तर तुझं काय बिघडलं?”

“मागितलं असतंस तर मी नाही म्हणाले असते?”

“म्हणालीच असतीस.”

तेही खरंच होतं. मी नाहीच म्हटलं असतं, कारण तो खिडकीबाहेर बघतो.

मी म्हटलं, “मी त्या सर्व्हेअरला फोन करून खरं सांगणार आहे. क्लेम गेला तर गेला. त्या बाईचा हात मोडलाय.”

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “सांग. मग मीही सांगेन की तूच पाठवायचीस मला. त्या सगळ्या बायकांना मी हेच सांगितलंय. त्या काय बोलतील ते बघ.” आणि जरा थांबून, “आणि आईला सगळं माहीत आहे. चावी तीच द्यायची.”

ते ऐकून मी तशीच परत फिरले. घरी आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता. मी यायच्या आधी फोन येऊन गेला होता, हे मला तिच्या पाठीकडे बघूनच कळलं.

“तुला माहीत होतं, आई?”

“तू चिडशील म्हणून नाही सांगितलं,” ती म्हणाली. “त्याचं दुकान बसलंय गं. सकाळी गाडी नुसती उभीच असते, म्हटलं चालवू दे बिचाऱ्याला.”

“आणि मला? मला कोणी सांगायचं? रोज सकाळी माझा चहा करून मला वाटेला लावायचीस आणि मागून त्याला चावी द्यायचीस?”

आईनं फडकं पिळलं. तिचे डोळे भरले. मला वाईटही वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचाच संताप आला. शेवटी मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि शांतपणे समजावलं, जसं एखाद्या नव्या बाईला गिअर समजावतात तसं. म्हटलं, तो माणूस आला की एकच विचारेल. गाडी माझ्या नकळत नेली जायची का, की मला माहीत होतं. माझ्या नकळत असेल तर दोष बारक्याचा, त्याला दंड होईल, फार तर खटला होईल. मला माहीत होतं असं ठरलं तर माझा परवाना जाईल. मग क्लास नाही, काही नाही. तू फक्त खरं सांग.

“सांगते,” आई म्हणाली. “मी कशाला खोटं बोलू, या वयात?”

मी तिचा हात धरला. त्या रात्री मला झोपही लागली, याचं मला आता नवल वाटतं.

सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. फोनवरच मी त्याला सगळं सांगून टाकलं होतं, दांडीचंही. मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, “असू दे मॅडम, घरच्या माणसासाठी सगळेच भांडतात.” मला तो माणूस त्या क्षणी फार भला वाटला. पण भला असला तरी त्याला त्याचं काम होतं. क्लेम नामंजूर होणार, ते त्यानं आधीच सांगून टाकलं. राहिला प्रश्न अहवालाचा. शिकणाऱ्या बाईला इजा झाली होती, म्हणून अहवाल लायसन्स ऑफिसला जाणारच होता. बारक्याचा जबाब त्यानं सकाळीच घेतला होता. बारक्या काय म्हणाला ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बाहेरच्या खोलीत आई खुर्चीवर बसली होती, पदर खांद्यावरून नीट ओढून. मी तिच्या शेजारी उभी. सर्व्हेअरनं आवाज मुद्दाम हळू केला.

“आजी, सकाळी तुमचा मुलगा गाडी न्यायचा. चावी तुम्ही द्यायचात?”

“हो.”

“हे तुमच्या मुलीला माहीत होतं का?”

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं गुडघ्यावरची घडी सारखी केली. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

“माहीत होतं,” आई म्हणाली. “तिनंच सांगितलं होतं त्याला. तिला एकटीला झेपत नाही ना.”

बारक्याचंच वाक्य होतं ते, शब्दाला शब्द. केकवालीच्या तोंडून मी ते आधी ऐकलं होतं. सर्व्हेअरनं पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ओरडेन अशी तो वाट बघत असावा. मलाही वाटलं की मी ओरडेन. पण मी आईकडे वळले.

“आई,” मी म्हटलं, “काल तू मला काय म्हणालीस?”

ती माझ्याशी बोलायला लागली, सर्व्हेअर तिथे नसल्यासारखी. “तुझं काय गं, तू खंबीर आहेस. तू कुठेही उभी राहशील. त्याचं तसं नाही. त्याला पोरं आहेत, त्याच्यावर खटला झाला तर तो कोलमडेल. तू समजून घे. तू नेहमी समजून घेतेस.”

मी खंबीर आहे. बाबा गेले तेव्हा रडायचं सोडून मी कागदपत्रं गोळा करत होते, तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते. माझं लग्न राहून गेलं तेव्हाही. आजवर हे मला कौतुक वाटत आलं. आज कळलं की घरात कोणाला तरी बळी द्यायची वेळ आली की आधी कोणाचं नाव घ्यायचं, ते यांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बारक्यानं केलं त्याचा राग आला होता. हिनं केलं तेव्हा नुसतं आतून रिकामं झालं.

“ती खोटं बोलते आहे,” मी सर्व्हेअरला म्हटलं.

“मॅडम, दोघांचे जबाब सारखे आहेत,” तो म्हणाला. त्याला अवघड झालं होतं. “तुमचंही लिहितो मी, तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून. पण आधी तुम्ही दांडी जुनी आहे म्हणाला होतात, तेही त्यात आहे. ते काढता येणार नाही.”

म्हणजे भावासाठी मी जे एकच वाक्य खोटं बोलले होते, तेच आता माझ्याविरुद्ध उभं राहणार होतं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते. त्यानं आईला जबाब वाचून दाखवला, तिनं सही केली, तो कागद आवरायला लागला. त्याला लवकर निघायचं होतं, ते दिसत होतं.

तेवढ्यात आई म्हणाली, “एक विचारायचं होतं. हिचा परवाना गेला, तर तो मुलाच्या नावावर होतो का?”

सर्व्हेअरचा हात बॅगेच्या चेनवर तसाच राहिला. “तसा होत नाही, आजी. त्यांना स्वतःला अर्ज करावा लागेल. परीक्षा द्यावी लागेल.”

“कुठे करायचा अर्ज?”

तो माझ्याकडे बघून, अडखळत, ऑफिस कुठे आहे, कोणत्या मजल्यावर, कोणाला भेटायचं, ते सांगायला लागला. आईनं दोनदा मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की एवढं सगळं आपल्या डोक्यात राहायचं नाही.

“जरा लिहून घे गं,” ती मला म्हणाली. “मला आता दिसत नाही.”

तिच्या आवाजात काही नव्हतं. रोज ती मला औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाच म्हणते, तसंच म्हणाली. आणि मी सवयीनं आत वळलेसुद्धा. पेन सापडलं, कागद सापडला, ऑफिसचं नाव लिहिलं, मजला लिहिला. तिसरी ओळ लिहिताना हात थांबला. आई तो कागद घ्यायला हात पुढे करून बसली होती.